शेततळ्यातला निळा रंग आणि फ्रान्सची हिरवी कालवं

दर्यापूर भागातल्या एका भावाचा प्रश्न आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात मांडते. त्यांचं ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे. पावसाच्या पाण्याने भरतं, उन्हाळ्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याची भर घालतात. रोहू-कटला सोडलेत आणि मोत्यांसाठी जाळीच्या पिशव्यांत शिंपले टांगलेत. होळीपासून पाण्याला निळसर-हिरवा रंग आला. तळ्याचे फोटो आणि बोअरच्या पाण्याचा अहवालही त्यांनी जोडलाय. त्याच सुमारास त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. फ्रान्समध्ये समुद्री शिंपल्यांना, म्हणजे कालवांना, एका निळ्या शेवाळामुळे हिरवा रंग चढतो आणि ते जास्त भावाने विकले जातात, असं त्यात होतं. आता त्यांचं विचारणं असं, की आपल्या तळ्यात आलं ते हेच काय? नसेल तर त्याचं बियाणं कुठे मिळेल? पाणी तर आपलंही खारंच आहे. आणि शिंपले हिरवे झाले तर मोती निळे होतील काय?

सगळ्यात शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: "म्हशींचा हौदही याच पाण्यानं भरतो, चालते ना?"

भाऊ, तुमचा खरा प्रश्न हा आहे. बाकीचं आपण निवांत बोलू, पण हौद आजच रिकामा करा, घासून धुवा आणि दुसऱ्या पाण्याने भरा. तळ्यात नेमकं काय आहे याचा उलगडा होईपर्यंत ते पाणी जनावरांना नको. का ते पुढे येईलच.

मी बोलते ते कोणत्या अनुभवावरून, हेही सांगते. मी मूळची अकोट तालुक्यातली. मत्स्यशास्त्र शिकून नऊ वर्षं रत्नागिरीकडे एका कोळंबी बीज केंद्रात होते. तिथे माझ्याकडे कोळंबी नव्हतीच, तिच्या पिल्लांना खायला लागणारे डायटम वाढवायचं काम होतं. काचेच्या चंबूतून बरणीत, बरणीतून टाकीत, रोज तेच. गेली बारा वर्षं अमरावती-अकोल्याची शेततळी आणि भंडारा-गोंदियाच्या बोड्या, म्हणजे तिकडची छोटी तळी, पाहते. तिकडच्या ढीवर बाया मला 'मासोळीवाली ताई' म्हणतात. म्हणजे खाऱ्या पाण्याचे डायटम आणि गोड्या पाण्याचे शिंपले, दोन्ही माझ्या हाताखालून गेले आहेत.

आधी त्या व्हिडिओकडे येऊ, कारण त्यातली मूळ गोष्ट खरी आहे.

डायटम म्हणजे एका पेशीचा जीव. त्याच्याभोवती सिलिकेचं, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचं कवच असतं. साबणाच्या डबीला वरून झाकण बसावं तसे त्याचे दोन भाग एकमेकांत बसतात. बहुतेक डायटम सोनेरी-तपकिरी दिसतात. माझी टाकी चांगली वाढली की कोऱ्या चहासारखी दिसायची, आणि तिच्यात हिरवी झाक आली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण दुसरंच काहीतरी घुसलेलं असायचं. पण समुद्रातल्या काही मोजक्या डायटमांच्या पेशीची दोन्ही टोकं निळी असतात. त्यातला सगळ्यात जुना ओळखीचा म्हणजे हॅस्लिया ऑस्ट्रिएरिया. होडीच्या आकाराचा, लांबीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. १८२० साली बेंजामिन गेयाँ या फ्रेंच माणसाने हिरव्या कालवांचा रंग या जिवाशी जोडला आणि त्याला 'विब्रिओ' हे नाव दिलं. पुढे तो 'नेव्हिक्युला' झाला. १९७४ मध्ये ग्रेटे हास्ले या नॉर्वेच्या डायटम-अभ्यासक बाईंच्या सन्मानार्थ नवा गट केला, त्यात तो गेला. त्याच्या निळ्या रंगद्रव्याला 'मारेनीन' हे नाव १८८६ मध्ये रे लँकेस्टर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने दिलं, ते मारेन या फ्रेंच गावावरून.

हे मारेन अटलांटिकच्या किनाऱ्यावर, ओलेराँ बेटासमोर. तिथे पूर्वी मिठागरं होती, त्यांचीच पुढे उथळ चिकणमातीची तळी झाली. त्यांना तिकडे 'क्लेअर' म्हणतात. डोळ्यांसमोर आपली भंडाऱ्याची बोडी आणा, फक्त पाणी भरतीचं. ज्यांना कोकणात कालवं म्हणतात ते शिंपले आधी उघड्या समुद्रात वाढवतात आणि विकण्याआधी काही आठवडे या तळ्यांत आणून ठेवतात. सगळ्यात महाग प्रकारात तर एका चौरस मीटरला दोन ते पाच कालवं, आणि तीही चार-आठ महिने. आपण शेततळ्यात ज्या दाटीने पिशव्या टांगतो ती पाहिली तर तिकडचे लोक डोक्याला हात लावतील. २००९ पासून मारेन-ओलेराँच्या कालवांना युरोपात भौगोलिक ओळखीचं संरक्षणही आहे, आपल्या नागपुरी संत्र्याला आहे तसं.

आता रंग कसा चढतो ते पाहा, कारण 'बियाणं कुठे मिळेल' याचं उत्तर त्यातच आहे. तळं आधी कोरडं करतात, तळाची माती उन्हात तापू देतात, मग भरतीचं पाणी आत घेतात. पाणी उथळ आणि नितळ असलं की ऊन थेट चिखलापर्यंत पोचतं आणि तिथे या डायटमचा थर धरतो. पेशी वाढता वाढता रंग पाण्यात सोडतात. कालवं ते पाणी दिवसभर चाळतात आणि काही दिवसांत त्यांचे कल्ले हिरवे होतात. कुणी पुडी आणून टाकत नाही. एवढं करूनही एका तळ्याला रंग येतो आणि बांधाला लागून असलेलं शेजारचं तळं कोरं राहतं. पिढ्यान् पिढ्या हा धंदा करणाऱ्यांनाही यंदा रंग येईलच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणूनच तर रंग आलेल्या मालाला वेगळा भाव मिळतो.

प्रयोगशाळेत हा डायटम वाढवतात, पण त्याचीही एक खोड आहे. डायटमचं कवच डबी-झाकणासारखं असल्याने पेशी दुभंगताना जुन्या अर्ध्याच्या आत नवं अर्धं घडतं, त्यामुळे पिढीगणिक पेशी लहान होत जातात. एका मर्यादेखाली गेल्या की नर-मादीसारखा जोड जमून पुन्हा मोठी पेशी तयार व्हावी लागते. तो जोड जमला नाही तर वाण संपतो. मी हे वेगळ्या जातीच्या डायटमवर भोगलंय, चांगला चालणारा चंबू हळूहळू बारीक होत जातो आणि एके दिवशी वाढायचा थांबतो. तेव्हा कुणी 'निळ्या डायटमचं बियाणं' बाटलीत भरून विकत असेल तर दोनदा विचार करा.

इथे एक जुनी गंमत सांगते, संत्रावाल्यांना आवडेल. युरोपात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हिरवी कालवं पाहून लोक बिचकायचे. हा तांब्याचा रंग आहे, खाल्लं तर विषबाधा होईल, अशी धास्ती होती. धास्ती अगदीच खुळी नव्हती. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात तांब्याच्या खाणी, तिथल्या खाडीतली कालवं खरोखरच तांब्याने हिरवी व्हायची. मारेनची मात्र डायटमने. रंग सारखा आणि कारणं दोन, एक खाण्यालायक तर दुसरं नाही. आणि याच काळात, १८८५ मध्ये, मारेनच्या दक्षिणेला असलेल्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या रोगासाठी मोरचूद (म्हणजे तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण पुढे आणलं. तिथले बागायतदार ते रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती बसावी म्हणून आधीच मारत होते! तेच आपलं बोर्डो मिश्रण. वरूड-मोर्शीला प्रत्येक संत्र्याच्या बुंध्यावर बोर्डो पेस्टचा निळा-हिरवा पट्टा दिसतो तो या गावावरून. मोरचूद मी उगाच काढलं नाही, पुढे लागणार आहे.

आता शिंपल्यांवर काय परिणाम होतो ते. व्हिडिओत फक्त 'चांगला असतो' एवढंच म्हटलंय, म्हणून इथे जरा थांबते.

शिंपला म्हणजे चालती गाळणी. त्याचे कल्ले श्वासही घेतात आणि अन्नही चाळतात, दोन्ही कामं एकाच जाळीवर. मारेनीन पाण्यात विरघळणारं आहे, आणि ते नेमकं याच जाळीवरच्या चिकट स्रावाला धरून बसतं. म्हणून हिरवे होतात ते कल्ले आणि तोंडाजवळच्या पाकळ्या. शिंपला बंद ठेवणारा स्नायू पांढराच राहतो. कालव निळ्या पाण्यातून बाहेर काढून साध्या समुद्रात ठेवलं की रंग हळूहळू उतरतो. म्हणजे हा रंग अंगात मुरलेला नाही, जाळीवर चढलेला आहे. पाणी आम्लधर्मी असेल तर हे द्रव्य निळं दिसतं, अल्कधर्मी असेल तर हिरवं. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणून कालवं निळी न दिसता हिरवी दिसतात.

त्याचे फायदे खरे आहेत. या द्रव्याने काही रोगकारक जिवाणूंची वाढ रोखली जाते, त्यात विब्रिओ जातीचे जिवाणू आहेत. ज्या डायटमला १८२० मध्ये 'विब्रिओ' म्हटलं त्याचाच रंग आज विब्रिओ नावाच्या जिवाणूंवर चालतो. आजचे विब्रिओ म्हणजे बीज केंद्रवाल्यांचा काळ. काही जातींचे विब्रिओ अंधारात चमकतात. रात्री दिवे घालवले आणि टाकीत हिरवट उजेड दिसला, की सकाळी पिल्लं तळाला. असा उजेड मी चार वेळा पाहिलाय, पाचव्यांदा बघायची इच्छा नाही. म्हणून कॅनडात शिंपल्यांच्या पिल्लांवर जे प्रयोग झाले ते मी आवडीने वाचले. अगदी थोड्या मात्रेत मारेनीन असलेल्या पाण्यात, विब्रिओ मुद्दाम सोडूनही पिल्लं जास्त जगली. शिवाय हे द्रव्य दुसऱ्या काही सूक्ष्म शेवाळांची वाढही दाबतं. फ्रान्सच्या तळ्यांत हा डायटम एकदा बसला की बाकीच्यांना बाजूला सारतो, त्यामागे हेही एक कारण धरतात.

पण मात्रा वाढली की चित्र उलटतं. जाळीवर जास्त रंग चढला की चाळण्याचा वेग कमी होतो, शिंपला झाप जास्त वेळ मिटून बसतो, खाणं घटतं. पिल्लांची वाढ खुंटते, जास्त झाल्यास ती मरतात. सगळ्या जातींवर सारखा परिणाम होत नाही, कालव जे सोसतं ते दुसऱ्या शिंपल्याला सोसेलच असं नाही. पूर्ण वाढलेली कालवं काही आठवडे निळ्या पाण्यात राहतात आणि नंतर माणसांच्या ताटात जातात, ही गोष्ट वेगळी. महिनोन्‌महिने दाट निळ्या पाण्यात ठेवलेलं कोवळं शिंपलं ही गोष्ट वेगळी. खत जसं पिकाला, तसंच हे. चिमूटभर टाकलं तर पीक डोलतं, पोतं ओतलं तर करपतं.

माणसाला मात्र या रंगाने बाधा होत नाही. मारेनची हिरवी कालवं लोक कितीतरी पिढ्यांपासून कच्चीच खातात.

आता तुमचं पाणी. तुम्ही बोअरच्या पाण्याचा अहवाल टाकलाय, ईसी (पाण्यातले क्षार दाखवणारी विद्युत वाहकता) ३.८ आहे. याचा अर्थ लिटरला साधारण अडीच ग्रॅम क्षार. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम असतात, म्हणजे जवळपास चौदा पट. हॅस्लिया तुमच्या तळ्यात टाकला तर त्याला ते गोडं पाणीच वाटेल आणि तो तिथल्या तिथे मरेल. आणि प्रश्न फक्त किती खारट एवढाच नाही, कशाने खारट हाही आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याचं पाणी समुद्रातून आलेलं नाही. त्यातल्या क्षारांचं आपसातलं प्रमाण समुद्रापेक्षा वेगळं आहे, बायकार्बोनेट भरपूर. हरियाणा-पंजाबात जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी करतात, तिथेही पोटॅशियम कमी पडतं म्हणून वरून घालावं लागतं. तेव्हा 'आपलंही खारंच आहे' हे पिण्यापुरतं खरं, समुद्री जिवांच्या बाबतीत नाही.

उलट मला तुमच्या शिंपल्यांची काळजी आहे. आपल्याकडे मोत्यासाठी वापरतात ते लॅमेलिडेन्स जातीचे, नदी-तलावांतले, गोड्या पाण्याचे. पावसाळ्यानंतर तळ्यात क्षार कमी असतात, पण उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र मागेच राहतात, वर तुम्ही बोअरची भर घालता. मे महिन्यात तळ्याचं पाणी एकदा तपासा, बोअरचं नको. दोन ग्रॅमच्या वर गेलं असेल तर शिंपले त्यांच्या सोसण्याच्या काठावर आहेत असं समजा.

मोती निळे होण्याचं म्हणाल तर, नाही. रंग बसतो कल्ल्यांवर, आणि मोत्याचा थर घालते ती प्रावरण नावाची दुसरी त्वचा. मोत्याचा रंग शिंपल्याची जात आणि कलमाला (मोती घडावा म्हणून शिंपल्यात केंद्रक, म्हणजे बारीक मणी, बसवतात त्याला) वापरलेला प्रावरणाचा तुकडा यांवर बराच ठरतो. मारेनमध्ये कालवं हिरवी होतात म्हणून तिथे कुणी निळे मोती काढत नाही.

तर इथवर एवढं झालं: फ्रान्सचा निळा डायटम खरा, त्याचे परिणाम मात्रेवर अवलंबून, आणि तो तुमच्या तळ्यात असणं शक्य नाही. मग तळ्यात आहे ते काय?

फोटो पाहून माझा कयास नील-हरित शेवाळाचा आहे. नावात शेवाळ असलं तरी हे जिवाणू आहेत, डायटमशी नातं नाही. रंगही वेगळा. यांच्यात फायकोसायनिन नावाचं निळं प्रथिन असतं. पेशी जिवंत असतात तोवर ते हिरव्यात लपलेलं असतं, पेशी मेल्या-फुटल्या की बाहेर येतं. म्हणून तळ्याच्या काठाला, जिथे वाऱ्याने साय लोटली जाते, तिथे वाळताना फिरोजी-निळा रंगाचा पट्टा पडतो, कुणी ऑइल पेंटचा डबा सांडल्यासारखा. तुमच्या दुसऱ्या फोटोत अस्तरावर नेमका तसा पट्टा दिसतोय. डायटम असं कधी करत नाहीत. ते जड असतात, शांत पाण्यात तळाशी बसतात, अस्तरावर तपकिरी, गुळगुळीत, पाय घसरेल असा थर करतात.

खात्री घरच्या घरी करता येते. हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत तळ्याचं पाणी पाऊण भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगताना दिसला तर नील-हरित, कारण यांच्यातल्या बऱ्याच जातींच्या पेशींत हवेचे बारीक कप्पे असतात. तळाला तपकिरी साका बसला तर डायटम. पाणी सारखंच हिरवं राहिलं तर साधं हिरवं शेवाळ असायची शक्यता जास्त. गावातल्या शाळेत सूक्ष्मदर्शक किंवा कागदाचा फोल्डस्कोप असेल तर एक थेंब मास्तरांना दाखवा. चिकट गोळ्यात बसलेले बारीक ठिपके, मण्यांची माळ किंवा स्प्रिंग, यांपैकी काही दिसलं तर नील-हरित. काचेची सोनेरी होडी दिसली तर डायटम.

सगळी नील-हरित शेवाळं विषारी नसतात, हेही खरं. आपल्या बुलडाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी हिरवं दिसतं ते स्पिरुलिनाच्या नातलगांमुळे, आणि स्पिरुलिनाच्या तर लोक गोळ्या खातात. (२०२० च्या उन्हाळ्यात लोणार गुलाबी झालं, ते वेगळ्याच, मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे.) पण शेततळ्यांत जे सापडतं त्यात मायक्रोसिस्टिससारखे प्रकार असतात, त्यांचं विष यकृतावर जातं. काहींचं विष मज्जातंतूंवर जातं आणि जनावर तासाभरातही कोसळू शकतं. २०२० मध्ये आफ्रिकेत बोत्स्वानात तीनशेवर हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारने कारण सांगितलं ते पाणवठ्यांतल्या याच जिवाणूंचं विष. विषारी प्रकार आणि बिनविषारी प्रकार डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. पाणी उकळून हे यकृताचं विष जात नाही. आणि म्हैस पाणी पिते ती काठावर, जिथे वाऱ्याने सगळी साय जमलेली असते. म्हणून हौद.

शिंपल्यांचं इथे उलटच होतं. ते मरत नाहीत, शांतपणे चाळत राहतात आणि विष अंगात साठवतात. मोत्यासाठी कापलेल्या शिंपल्यांचं मांस काही घरांत कोंबड्यांना टाकतात, बदकांना टाकतात. या हंगामात ते करू नका.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो मोरचूद. मलाही सुचला होता. गावी परतल्यावर पहिल्याच वर्षी अकोटजवळच्या एका तळ्यासाठी मी तो सल्ला दिला. दोन दिवसांत पाणी स्वच्छ झालं, शेतकऱ्याने फोन करून कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे कटला उलटे. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं, पण त्या तळ्यात शेवाळ किती दाट आहे याचा हिशेब मी केला नव्हता. त्या माणसाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. शिवाय पेशी एकदम फुटल्या की त्यांच्या आतलं विष एकदम पाण्यात येतं. आणि तुमच्याकडे शिंपले आहेत. तांबं त्यांना थेट मारतं, वाचलेच तर कॉर्नवॉलच्या कालवांसारखे हिरवे होतील. मोरचूद संत्र्याच्या बुंध्यालाच राहू द्या.

मग करायचं काय? आधी शेवाळाचं खाणं तोडा. शेणखत, डीएपी, सुपर फॉस्फेट बंद. ढेप-पेंड निम्म्यावर आणा, तळाशी उरत असेल तर आठवडाभर बंदच. पाणी हिरवं झालं की मासे चांगले वाढतात हे खरं, म्हणून आपण खत टाकत जातो. पण उष्णता, थांबलेलं पाणी आणि स्फुरद एकत्र आले की त्या हिरव्याचं हे निळं होतं, आणि खारपाणाचं अल्कधर्मी पाणी त्याला आणखी मानवतं. मग सकाळी वारा पडलेला असताना, साय ज्या कोपऱ्यात जमते तिथून जुनं लुगडं दोघांनी धरून ती गाळून काढा. बांधावर टाकू नका, पुन्हा तळ्यात येते. खड्डा करून पुरा.

पहाटे तीन ते सहा हा वेळ धोक्याचा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा, फवारा जितका बारीक तितका बरा. गोड्या पाण्याची सोय असेल तर आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा बदला. नसेल तर बोअरचं घालून शिंपल्यांचं मरण जवळ आणू नका. मासे कमी करण्याची वेळ झालीच आहे, मोठे काढून विका. पण साय पूर्ण जाऊन दोन-तीन आठवडे झाल्याशिवाय नाही, आणि आतडी-यकृत काढूनच.

शिंपल्यांच्या पिशव्या जमल्यास दुसऱ्या स्वच्छ गोड्या पाण्याच्या टाकीत हलवा, छायेत, थोडी हवा सोडून. कलम करून महिना झाला नसेल तर मात्र हलवू नका, धक्क्याने केंद्रक बाहेर टाकतात. त्यांना तळ्यातच, पण साय नसलेल्या बाजूला एक मीटर खोल ठेवा. यात कुठला पर्याय घ्यायचा ते तुमच्या कलमाच्या तारखेवर आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही.

'डायटम वाढवणारी पावडर' कुणीतरी तुम्हाला सुचवली आहे. त्यात बहुधा सिलिका असते. डायटमला सिलिका लागते, तो मुद्दा बरोबर. पण आपली काळी माती आणि तिच्यातून झिरपणारं पाणी काळ्या खडकाच्या पोटातलं, त्यात सिलिका सहसा कमी पडत नाही. कमी असतं ते थंड, हलतं पाणी. हिवाळ्यात कोणतीही पावडर न टाकता तुमच्या अस्तरावर तपकिरी थर आला असेल, आठवून पाहा. तो डायटमचाच, आणि तुमच्या शिंपल्यांचं सगळ्यात चांगलं खाणं तेच होतं.

पाणी तपासायला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात क्षारांचा अहवाल मिळेल. माशांच्या आणि शेवाळाच्या बाबतीत नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात विचारा. नमुना सकाळी घ्या, बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. म्हशी हल्ली सुस्त, चारा सोडलेल्या किंवा उन्हात कातडी सोलल्यासारख्या दिसत असतील तर बाटलीच्या तपासणीची वाट पाहू नका, आधी पशुवैद्याला बोलवा आणि त्यांना तळ्याचा फोटो दाखवा.

बाटली रात्रभर ठेवून सकाळचा फोटो, कलमाची तारीख आणि म्हशींनी त्या हौदाचं पाणी किती दिवस प्यायलं, एवढं इथे लिहा. मग पुढचं सांगते.